लेन पायबसचे नऊ आठवडे

लंडन, ६ फेब्रुवारी १९३४

श्री. क्लेमंट हार्टशॉर्न यांस,

आपल्या बँडच्या हॉलंड दौऱ्याच्या विम्यासाठी मी गेल्या आठवड्यात चौदा वादकांना तपासले. तेरा जण ठीक आहेत. चौदावे म्हणजे आपले ट्रम्पेटवादक श्री. लेनर्ड पायबस. त्यांच्या छातीच्या एक्स-रेचा अहवाल सोबत आहे. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात क्षयाची स्पष्ट खूण दिसते. आजार अजून कोवळा आहे. ताबडतोब वाजवणे बंद करून ते सॅनटोरियममध्ये गेले तर बरे होतील, आणि बहुधा पुन्हा वाजवूही शकतील. उशीर झाला तर मी काहीच सांगू शकत नाही. घरी लहान मुलगी आहे असे ते बोलता बोलता म्हणाले. तिचे अंथरूण आणि तिची कपबशी आजच वेगळी व्हायला हवी.

त्यांनी दिलेल्या घरच्या पत्त्यावर मी लिहिले होते, पण ते घर त्यांनी सोडले असावे. पत्र परत आले. या शुक्रवारी मी निवृत्त होऊन कॉर्नवॉलला जात आहे. म्हणून हे काम आपल्या हाती सोपवतो. पत्र पोचल्याचे कळवावे.

आपला,
आर्थर मोब्रे

—

एल्डन हॉटेल, लंडन, ८ फेब्रुवारी १९३४

प्रिय डॉक्टर मोब्रे,

आपलं पत्र काल मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. लेन माझा लहानपणापासूनचा मित्र आहे. हॅलिफॅक्सच्या गिरणीच्या बँडमध्ये आम्ही दोघं एकाच बाकावर बसून वाजवायला शिकलो. अशी बातमी त्याला माझ्याच तोंडून कळलेली बरी. आपण निश्चिंत असा. योग्य वेळ बघून मी त्याला सांगतो.

आपला आभारी,
क्लेमंट हार्टशॉर्न

—

लंडन, २२ एप्रिल १९३४

प्रिय क्लेम,

नर्सनं पेन्सिल दिली आहे आणि दहा मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात माफी मागून घेतो.

लेका, मी तुझा कार्यक्रम बुडवला. नवा करार, त्यातला जेमतेम दुसरा शनिवार, सगळा देश रेडिओला कान लावून बसलेला, आणि मी ऐन वॉल्ट्झच्या मधोमध तोंडावर रुमाल धरून खाली बसलो. सुरुवातीला मला वाटलं, नेहमीचीच खोकल्याची उबळ. मग शर्टावर बघितलं. पुढचं आठवत नाही. हेटी घरी रेडिओपाशीच होती. ती म्हणते, ऐकताना एवढंच वाटलं की कुणीतरी बदकावर पाय दिला, आणि पुढच्याच क्षणी तुझी व्हायोलिनं वर आली आणि वॉल्ट्झ चालू राहिला. शाबास रे! तूच करू जाणे.

दोन्ही फुप्फुसांना धरलंय म्हणतात. इथले डॉक्टर मला विचारत होते, इतके दिवस काय झोपला होतात? मी म्हटलं, फेब्रुवारीतच विम्यासाठी तपासणी झाली होती, तेव्हा तर सगळं ठीक होतं. डॉक्टर नुसतं 'हं' म्हणाले. त्या म्हाताऱ्या विमा-डॉक्टरला चष्मा बदलायला हवा होता, दुसरं काय.

तू रागावला नाहीस ना? एवढंच कळव. चौदा माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता आणि मी मध्येच कोसळलो, हे डोक्यातून जात नाही.

तुझा,
लेन

—

एल्डन हॉटेल, ३० एप्रिल १९३४

प्रिय लेन,

रागावू कशाला? वेडा आहेस का? माफीबिफी मागायची नाही. पुन्हा मागितलीस तर पत्राचं उत्तर देणार नाही.

कराराला काही धक्का लागलेला नाही. रेडिओवाल्यांनी उलट तुझी चौकशी केली. तुझ्या खुर्चीवर रॉनी सिल्स म्हणून एक पोरगेलासा माणूस घेतला आहे, मँचेस्टरचा. सूर स्वच्छ आहे, पण वाजवताना इस्त्री केल्यासारखा वाजवतो. तुझी खुर्ची तुझीच आहे.

यॉर्कशरच्या टेकड्यांवरच्या सॅनटोरियमची व्यवस्था मी केली आहे. हवा उत्तम आहे, आणि हेटी आणि तुमची छोटी डोरी हेटीच्या आईकडे हॅलिफॅक्सला राहिल्या तर बसनं येऊन भेटू शकतील. वॉर्डात रेडिओ नाही असं कळलं. तो मी पाठवतो आहे. तू काही बोलू नकोस.

विमा-डॉक्टरचा विषय आता सोडून दे. झालं ते झालं. बरं होण्याकडे लक्ष दे.

तुझा,
क्लेम

—

सॅनटोरियम, १८ सप्टेंबर १९३४

प्रिय क्लेम,

तुझ्या रेडिओनं इथे दोन तट पाडले आहेत. शनिवारी सव्वापाचला तुझा बँड लागला की आमच्या बाजूच्या सात खाटा खूश आणि समोरच्या सात खाटा तोंड फिरवून. त्यांचा पुढारी ऑर्ड म्हणून डरहॅमचा खाणकामगार आहे. त्याला चर्चमधली स्तोत्रं आणि पितळी बँड यांखेरीज संगीत म्हणून काही असतं हेच मान्य नाही. परवा तुझा नवा फॉक्सट्रॉट ऐकून म्हणाला, "पायबस, तुझा मित्र हे जाणूनबुजून करतो का?" मी म्हटलं, "हो, आणि लोक त्याच्यावर नाचतात." तर म्हणतो, "पायांना कळत नाही बिचाऱ्यांना."

इथे नियम एकच. हलायचं नाही. छातीला पूर्ण आराम. खिडक्या बारा महिने उघड्या. कालच्या वाऱ्यानं माझ्या रजईवर बाहेरची पानं येऊन पडली होती. सकाळ-संध्याकाळ दूध, अंडी, पुन्हा दूध. तुझा कार्यक्रम चालू असताना माझा पाय ठेक्यावर हलतो. मला कळतही नाही. आमच्या थोरल्या नर्सबाई, मिस ग्रीव्ह, खाटेच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहतात आणि रजईवरून माझा अंगठा चिमटीत धरतात. "मिस्टर पायबस, विश्रांती म्हणजे अंगठ्याचीसुद्धा विश्रांती." गाणं संपेपर्यंत तशाच उभ्या. मला वाटतं त्यांना तुझा बँड आवडतो, आणि ऐकायला हे निमित्त.

आता तुझ्यासाठी. दुसऱ्या गाण्यात रॉनी शेवटच्या सुरावर फार लवकर श्वास घेतो. त्याला सांग, श्वास घ्यायचा तो आधीच्या चरणात, सॅक्सोफोन आडवे आले की त्यांच्या मागे लपून. मी इतकी वर्षं तेच केलं. आता वाटतं, लपून लपून घेतलेले श्वासच संपले बहुतेक.

तू पहिल्यांदाच भेटायला येऊन गेलास आणि वीस मिनिटांत निघालास. गाडी चुकेल म्हणालास. मिस ग्रीव्ह म्हणाल्या, पुढची गाडी तर तासाभरानं होती. असो, तुझी कामं मला माहीत आहेत. पुन्हा ये. डोरी दर शनिवारी आजीकडे रेडिओपाशी बसते आणि सांगते, "हा क्लेमकाका, आणि ह्या सगळ्यांत बाबा नाही."

तुझा,
लेन

—

एल्डन हॉटेल, १५ डिसेंबर १९३४

प्रिय लेन,

उत्तराला फार उशीर झाला. रॉनीला श्वासाचं सांगितलं. आता जमतं त्याला. त्याला वाटतं मीच हुशार.

इकडचं काय सांगू? एका रेडिओ-मासिकानं मुखपृष्ठावर माझा फोटो छापला. दात फार दिसताहेत. परवा ब्लॅकपूलला नाटकगृहाबाहेर एवढी गर्दी की पोलिसांनी मला मागच्या दारानं काढलं. एक म्हातारी बाई हात धरून म्हणाली, "तुमच्यामुळे आमचे शनिवार सुखाचे झाले." मी आभार मानले आणि गाडीत बसल्यावर मला दरदरून घाम फुटला. दगदग होते, दुसरं काही नाही.

येत्या शनिवारी तू बँडच्या वाद्यांसाठी मांडणी केलेली तिन्ही गाणी घेतो आहे. निवेदकाला नाव सांगायची परवानगी नाही, पण वादकांना सगळ्यांना माहीत आहे ती कुणाची आहेत ते. नाताळासाठी डोरीला एक बाहुली आणि हेटीला कोट पाठवला आहे. हेटीनं मागच्या वेळेसारखं परत पाठवू नये.

भेटायला येईन म्हणतो. जानेवारीत बघतो.

तुझा,
क्लेम

—

सॅनटोरियम, १५ सप्टेंबर १९३५

प्रिय क्लेम,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

डोरी उन्हाळ्यापासून लंगडत होती. आजी म्हणाली बूट लहान झाला असेल. नवे बूट आणले. तरी लंगडतच होती. गेल्या आठवड्यात हेटीनं तिला लीड्सच्या इस्पितळात नेलं. कमरेच्या सांध्याचा क्षय. आता तिला छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये लाकडी चौकटीवर बांधून ठेवलं आहे. दोन वर्षं, कदाचित जास्त. सहा वर्षांची पोर. हेटीनं विचारलं, खेळायचं कसं तिनं? तर म्हणाले, हातांना काही झालेलं नाही.

परवा हेटी आली होती. खाटेशी बसली, हातमोजे काढलेच नाहीत. मग म्हणाली, "तूच दिलंस तिला हे." आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी तिला खांद्यावर घेऊन फिरायचो. एकाच चमच्यानं खीर खायचो आम्ही. त्या वर्षी हिवाळ्यात ती रोज सकाळी माझ्या पांघरुणात शिरायची, थंड पाय माझ्या पोटाला लावायची, आणि मी तिच्या कानाशी तोंडानं ट्रम्पेट वाजवायचो.

मी सारखा एकच विचार करतो, क्लेम. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं. फार नाही, दोन महिने आधी. फेब्रुवारीत कळलं असतं तर मी त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत झोपलो असतो. तिला हात लावला नसता. त्या नऊ-दहा आठवड्यांत काय काय झालं ते मी एकेक दिवस धरून मोजत बसतो. तुला काय वाटतं? तू तर तेव्हा रोज माझ्याबरोबर होतास. तुला काही दिसलं होतं का?

खरं खरं लिही.

लेन

—

एल्डन हॉटेल, २४ सप्टेंबर १९३५

प्रिय लेन,

डोरीचं वाचलं.

मी इथल्या हाडांच्या एका मोठ्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, लहान मुलांच्या सांध्यांचा हा आजार बहुतेक वेळा गाईच्या कच्च्या दुधातून येतो. माणसाकडून येतोच असं नाही. तुझ्या सासूबाई दूध कुठल्या गोठ्यातून आणतात? हेटीला हे सांग. तुझा दोष आहे असं अजिबात समजू नकोस. दुधाचंच असणार.

मला तेव्हा काही दिसलं नाही. थकल्यासारखा वाटायचास, पण आपण सगळेच थकलेले होतो.

लीड्सच्या इस्पितळाला मी लिहिलं आहे. डोरीला जे काही लागेल ते मी बघतो.

क्लेम

—

एल्डन हॉटेल, ११ नोव्हेंबर १९३५

प्रिय लेन,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दुधाचं डॉक्टर बोलले ते खरं, पण मी ते तुला का लिहिलं ते खोटं होतं.

मला माहीत होतं. ७ फेब्रुवारी १९३४ ला डॉक्टर मोब्रेंचं पत्र माझ्या हातात आलं. त्यात सगळं लिहिलं होतं. तुझं डावं फुप्फुस. ताबडतोब वाजवणं थांबवलं तर बरा होशील. डोरीचं अंथरूण वेगळं करा. ते पत्र वाचून मी घडी घातली आणि तालमीला आलो. तू कोट चढवत होतास. म्हणालास, "काय म्हणतो विम्याचा डॉक्टर?" आणि मी म्हणालो, "घोड्यासारखा आहेस म्हणतो, फक्त सिगारेट कमी कर." तू हसलास, आणि त्याच खुशीत एक सिगारेट पेटवलीस.

१७ मार्चला रेडिओवाले आपल्याला ऐकायला येणार होते. त्यांना बँड नको होता, लेन, त्यांना तुझा ट्रम्पेट हवा होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हटलं, तेवढी तारीख जाऊ दे. गेली. म्हटलं, सह्या होऊ देत. झाल्या. मग म्हटलं, पहिले चार कार्यक्रम नीट पार पडू देत, मग सांगतो. दर वेळी मला अगदी मनापासून वाटायचं की मी सांगणार आहे. तू खोकलास की मी ड्रमवाल्याशी बोलायला लागायचो.

दुसऱ्या कार्यक्रमात तू कोसळलास, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? तुझा नाही. हात वर करून व्हायोलिनांना इशारा द्यायचा विचार. तू त्याबद्दल मला शाबासकी दिलीस.

डोरीला हे कशानं झालं ते देवाला माहीत. पण तुला दुसऱ्या खोलीत झोपायची संधी होती आणि ती मी माझ्या खिशात ठेवली. हेटी तुला जे म्हणाली ते तिनं मला म्हणायला हवं होतं. तिला हे पत्र दाखव. तू मला काहीही लिही, किंवा काही लिहू नकोस. तुझ्या माफीची पत्रं मात्र आता माझ्याच्यानं वाचवत नाहीत.

क्लेमंट

—

हॅलिफॅक्स, २० नोव्हेंबर १९३५

क्लेमंट,

तुमचं पत्र लेननं वाचलेलं नाही. मी वाचलं.

गेल्या गुरुवारी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. फुप्फुस दाबून बंद करण्यासाठी डाव्या बाजूच्या सात फासळ्या काढल्या. तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. रविवारी मी गेले तेव्हा त्याला हातही उचलता येत नव्हता. तुमचं पत्र उशाशी पडलेलं होतं. तो कुजबुजत म्हणाला, "क्लेमचं आलंय बघ. वाच ना." एवढ्या दिवसांत त्यानं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी पाकीट फोडलं. "प्रिय लेन" एवढं मोठ्यानं वाचलं, आणि पुढच्या ओळी डोळ्यांनी वाचल्या.

मग मी तोंडाला येईल ते वाचत गेले. हॉटेलच्या नाचघरात नवा गालिचा आला. रॉनी सिल्सला सर्दी झाली. ब्लॅकपूलला समुद्र खवळला होता. एवढं खोटं मी जन्मात कधी सलग बोलले नव्हते. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

डॉक्टर म्हणाले आहेत, पुढचे सहा महिने याला कसलाही धक्का बसता कामा नये. म्हणून ते पत्र मी वॉर्डाच्या शेगडीत टाकलं. तुम्ही पुन्हा तसं लिहायचं नाही. तुम्हाला मन मोकळं करायचं होतं, कळतं मला. पण ते मोकळं करायला तुम्ही आजारी माणसाची छाती शोधलीत, आणि त्या छातीत आता फासळ्याही नाहीत. नेहमीसारखी पत्रं लिहा. तो तुमचे आभार मानेल. ते घ्या.

डोरीच्या वेळी मी त्याला जे म्हणाले, ते मला परत घ्यायचं आहे, रोज घ्यायचं आहे. पण का घेते हे सांगता येत नाही. ही शिक्षा तुम्ही मलाही दिलीत.

कोट ठेवून घेतला होता. आज तो चर्चमधल्या बायकांना देऊन आले.

हेटी पायबस

—

एल्डन हॉटेल, ६ जानेवारी १९३६

प्रिय लेन,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. शस्त्रक्रिया नीट पार पडली हे हेटीनं कळवलं. फार बरं वाटलं. इकडे सगळं नेहमीसारखं. रॉनीची सर्दी गेली. रेडिओवाल्यांनी करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवला. शनिवारी तुझी मांडणी असलेला वॉल्ट्झ घेतला होता. ऐकलास का?

प्रकृतीची काळजी घे.

क्लेम

—

हॅलिफॅक्स, ४ ऑक्टोबर १९३६

क्लेमंट,

मी ऑगस्टमध्ये घरी आलो. एका फुप्फुसावर चालतो. जिना दोन टप्प्यांत चढतो. ट्रम्पेट पुन्हा नाही, ते डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. पियानोच्या दुकानात सूर लावायचं काम मिळालं आहे. कानांना काही झालेलं नाही. डोरीलाही घरी आणलं आहे, पण ती अजून चौकटीवर आहे. पाय एक इंचभर आखूड राहील म्हणतात, पण चालेल.

तुझ्या नऊ पत्रांना मी उत्तर दिलं नाही. आता देतो.

मला माहीत आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये सॅनटोरियमच्या मोठ्या डॉक्टरांनी माझे जुने एक्स-रे मागवले. त्यात एक फेब्रुवारी चौतीसचा निघाला. कोपऱ्यात म्हाताऱ्या मोब्रेंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'अहवाल श्री. हार्टशॉर्न यांना दिला. पोच मिळाली.' डॉक्टरांनी मला विचारलं, मग तुम्ही नऊ आठवडे तीन दिवस कुठे होता? मी म्हटलं, एल्डन हॉटेलात, वाजवत होतो.

मी हेटीला सांगितलं नाही. ती पहिल्या गाडीनं लंडनला आली असती, आणि तेव्हा डोरीला तिची गरज होती. मी तुझी वाट बघायची ठरवली. म्हटलं, एकाच बाकावर बसून शिकलेला माणूस आहे, सांगेल. सप्टेंबरात मी तुला मुद्दाम विचारलं. दार सताड उघडून ठेवलं होतं. फेब्रुवारीचं नाव घेतलं. आठवडे मोजून दिले. खरं खरं लिही म्हटलं. तू मला दुधाबद्दल लिहिलंस.

तरी मी वाट बघितली. फासळ्या काढल्यानंतर चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं. जाड पाकीट होतं. मला वाटलं, आलं. हेच ते. हेटी वाचायला लागली आणि मी डोळे मिटले, कारण मला वाटलं मी रडेन आणि टाके तुटतील. आणि होतं काय त्यात? गालिचा. रॉनीची सर्दी. ब्लॅकपूलचा समुद्र. त्या दिवशी मी तुला सोडलं.

डोरीला हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. दुधानं झालं असेल, माझ्यामुळे झालं असेल. नऊ आठवडे लवकर कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. पण ते आठवडे माझे होते. त्यांत माझी पोर होती. ते तू न विचारता घेतलेस.

तू भ्यालास हे मला समजतं. तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. करारच तसा होता. एक ओळ लिहिली असतीस, क्लेम. 'मला माहीत होतं, चुकलो' एवढीच. मी माफ केलं असतं. पंधरा दिवस शिव्या दिल्या असत्या आणि मग माफ केलं असतं. तुला एकदाही, इतक्या पत्रांत एकदाही, ती ओळ लिहावीशी वाटली नाही?

डोरी शनिवारी तुझा बँड लावायला सांगते. तिला अजून काही सांगितलेलं नाही. मी लावून देतो आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहतो. पाऊण तास फार असतो एका फुप्फुसाला, थंडीत.

लेनर्ड पायबस

—

हॅलिफॅक्स, ५ ऑक्टोबर १९३६

क्लेमंट,

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी लेननं मला सगळं सांगितलं. पत्र काल टाकलं म्हणाला. त्याला वाटलं मी आदळआपट करीन. मी चहाची किटली हातात धरून नुसती उभी राहिले. तो म्हणाला, "तुला धक्का बसणार हे माहीत होतं, म्हणून इतके दिवस बोललो नाही." मग म्हणाला, "एक ओळ, हेटी. त्यानं एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं."

ती ओळ मी जाळली. चार पानं होती तुमची. मी त्याच्या तोंडावर, त्याच्या खाटेशी बसून, गालिचा आणि सर्दी वाचली. मला वाटलं मी त्याला वाचवते आहे.

मी त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "निदान घरात तरी माझ्याशी कुणी खोटं बोललं नाही." मग मला बोलता आलं नाही. दिवसभरात तीनदा प्रयत्न केला.

तुम्ही त्याला खरं काय ते लिहू शकता. तुमचा तो हक्क आहे, आणि तुमचा मित्र तुम्हाला परत मिळेल. तुमच्याकडे काही मागायचा मला अधिकार नाही. मी मागत नाही. फक्त कळवते आहे. तुम्ही काय लिहाल ते तुमचं पत्र आल्यावर त्याच्याबरोबरच मला कळेल.

हेटी

—

एल्डन हॉटेल, ९ ऑक्टोबर १९३६

प्रिय लेन,

तुझं पत्र मिळालं. त्यातलं सगळं खरं आहे. मोब्रेंचं पत्र ७ फेब्रुवारीला माझ्या हातात आलं, आणि मी तुला सांगितलं, घोड्यासारखा आहेस. पुढचे नऊ आठवडे मी रोज तुझ्या शेजारी उभा होतो आणि रोज ठरवत होतो की उद्या सांगायचं.

तुझ्या मांडणीची गाणी आजपासून बँडच्या फडताळातून काढून तुझ्या नावानं बांधून ठेवली आहेत. तू म्हणशील तिथे पाठवीन. शनिवारी त्यांतलं काही वाजणार नाही, म्हणजे डोरीनं रेडिओ लावायला सांगितला तरी तुला निदान तेवढ्यासाठी बाहेर जायला नको.

हेटीला जप. तिनं तुला आजारपणात जपलं तसं कुणी जपलं नसतं.

तू विचारलंस, एकदाही लिहावंसं वाटलं नाही का. त्याचं उत्तर तुला मिळायला हवं. नाही लिहिलं, लेन. भ्यालो, आणि मग भ्यायची सवय झाली. नोव्हेंबरातलं ते पत्र जाड होतं, कारण आत हॉटेलच्या कार्यक्रमाची छापील पानं घातली होती. गालिचा, रॉनीची सर्दी, ब्लॅकपूलचा समुद्र. हेटीनं वाचून दाखवलं, तेवढंच त्यात होतं.

क्लेमंट